टायटॅनियम घ्यावं की स्टील? १/८ बग्गीवर एक पावसाळा आणि एक उन्हाळा वापरून झाल्यावर

बरेच जण विचारत होते म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. गाडी माझी रिमोटवर चालणारी १/८ (खऱ्या गाडीच्या आठव्या हिश्श्याच्या मापाची) इलेक्ट्रिक बग्गी, बॅटरीसकट साडेतीन किलोच्या वर जाते. भातकापणी झाली की बेळगावजवळ येळ्ळूर बाजूला एक ओळखीचे शेतकरी काका रिकामं रान देतात, तिथं बांधावरनं जंप मारायला मजा येते, आणि पावसाळ्यात खानापूरकडच्या माळावर. म्हणजे अर्धं वर्ष लाल चिखल आणि अर्धं वर्ष लाल धूळ. पार्टची वाट लावायला याच्यापेक्षा चांगली जागा शोधून सापडणार नाही. कार्पेट ट्रॅकवर चालवणाऱ्यांनी माझं थोडं कमी धरून वाचा.

माझं मत आधीच सांगतो, जिथं पार्टवर नुसती ओढ आणि दणका येतो तिथं टायटॅनियम, जिथं धातूवर धातू घासतो किंवा फिरतो तिथं स्टील, आणि अख्खी गाडी टायटॅनियम करून घेणाऱ्याला पैसे जड झालेत एवढंच म्हणेन.

पैसे खरे वसूल झाले ते टर्नबकलमध्ये (दोन टोकांना उलटसुलट आटे असलेला, फिरवून लांब-आखूड करता येणारा रॉड). गाडीबरोबर आलेले स्टीलचे टर्नबकल साधेच असतात, एकदा नाक खाली करून बांधावर आपटली की स्टिअरिंगचा रॉड वाकलाच म्हणून समजा, मग टो-आउट (पुढची चाकं बाहेर वळलेली असण्याचा कोन) वेडावाकडा, गाडी सरळ जाईना, आणि चिखलात बसून पाना घेऊन वाकलेला रॉड फिरवायचा म्हणजे शिक्षा. टायटॅनियमचे टाकल्यावर हे जवळजवळ बंद झालं. याचं कारण नुसती ताकद नाही, बरेच लोक इथंच चुकतात. टायटॅनियम स्टीलपेक्षा ताठ नाही, उलट लवचिक आहे, स्टीलचा इलॅस्टिक मॉड्युलस (ताठपणाचं माप) २०० गिगापास्कलच्या आसपास आणि ग्रेड ५ टायटॅनियमचा (पार्टसाठी नेहमी वापरतात तो मिश्रधातू) ११४ च्या आसपास, म्हणजे तेवढ्याच जोरात ते जास्त वाकतं. पण कायमचं वाकायला त्याला लई जोर लागतो, त्यामुळे दणका बसला की लवतं आणि परत जागेवर येतं. आमच्या ग्रुपमधल्या एकानं मोबाइलवर स्लो मोशन काढलं होतं, पुढचं चाक बांधाला धडकताना रॉड स्पष्ट कमानीसारखा झालेला दिसतोय आणि पुढच्या क्षणाला सरळ. घरी येऊन काचेवर लोळवून बघितला, कुठंही डगमगत नव्हता.

आता दणका कुठंतरी जाणारच की. रॉड वाकत नाही म्हटल्यावर तो टोकाच्या बॉल कपवर (सांध्याचा गोळा धरणारी वाटी) जातो, कप निसटतो किंवा प्लास्टिकचा रॉड एंड फाटतो. मला ते चालतंय, रॉड एंड स्वस्त आहे आणि डब्यात दहा पडलेले असतात. एक गोष्ट मात्र, लावताना सगळ्या टर्नबकलची खाच एकाच बाजूला ठेवा, त्या खाचेवरनं उलटा आटा कुठला ते कळतं, नाहीतर घाईत लांब करायचा तो आखूड करून बसाल. लन्सफर्डसारखे नाव असलेले घेतले तर महाग पडतात आणि वर कस्टम ड्युटी वेगळी, पण टर्नबकलवर मी पैसे घालीन.

हिंज पिनची (सस्पेन्शनचा आर्म जिच्यावर वरखाली फिरतो ती पिन) गोष्ट अगदी उलटी. टायटॅनियमच्या पिना मिळतात, वजनाला हलक्या, हातात घेतल्या की छान वाटतात. पण ग्रेड ५ ची हार्डनेस ३६ रॉकवेलच्या आसपास आणि आमची जांभ्याची धूळ म्हणजे पॉलिश पेपरच, आर्म वरखाली होत राहतो आणि पिनेवर रेघा पडत जातात. उन्हाळ्याच्या मध्यात पिन काढली तर नख लावून कळत होतं, आणि आर्म स्वतःच्या वजनानं खाली पडायला पाहिजे तो मध्येच अडकत होता. सस्पेन्शन अडकलं की शॉकमध्ये कुठलंही ऑइल घाला, उपयोग शून्य.

यावर उपाय गावातच निघाला. उद्यमबागमध्ये ओळखीचे एक लेथवाले मामा आहेत, त्यांना आधी विचारलं टायटॅनियममध्येच जाड पिन करून देता का. मामा हसले. म्हणाले, "टूल जाळतंय रे ते. उष्णता जॉबमधनं जातच नाही, सगळी टूलच्या टोकावर बसते. इन्सर्ट चांगली घाल, स्पीड कमी ठेव, कूलंट धो धो सोड, मग होतंय. तुझ्या दोन पिनांसाठी कोण करणार?" आणि बारीक चिप पेटली तर पाणी मारता येत नाही, वाळू टाकावी लागते, हे पण त्यांनीच सांगितलं. मग त्यांनी सिल्व्हर स्टीलच्या (चांदी नाही, हार्डन करता येणारं टूल स्टील) ग्राउंड रॉडमधनं पिना कापल्या, हार्डन करून टेम्पर केल्या (टेम्पर विसरू नका, पूर्ण कडक ठेवली तर दणक्यात वाकण्याऐवजी तुटते) आणि पॉलिश मारून दिल्या. इथं फाउंड्री आणि मशीन शॉपला तोटा नाही, हत्तरगीत तर विमानाचे पार्ट बनतात, तर बेळगावात राहून हिंज पिन परदेशातनं मागवायची म्हणजे जरा जास्तच झालं. या पिना आजही आरशासारख्या नाहीत पण आर्म अडकत नाही.

ड्राइव्हशाफ्ट, आउटड्राइव्ह (ड्राइव्हशाफ्टचं टोक जिथं बसतं तो खाचेचा कप), पिनियन (मोटरवरचं छोटं गियर) हे सगळं हार्डन्ड स्टीलच ठेवा, याच्यात मी चर्चाच करत नाही. आउटड्राइव्हच्या खाचेत पिन सारखी घासत असते आणि टायटॅनियमला स्वतःवर किंवा दुसऱ्या धातूवर घासून चिकटायची खोड आहे. फिरणारं वजन कमी झालं की गाडी चपळ होते हे खरं, पण ते महिनाभरात खाच पडेपर्यंत.

स्क्रू. यावर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात. टायटॅनियमची घनता ४.४३, स्टीलची ७.८५, म्हणजे त्याच मापाचा स्क्रू साधारण ४४ टक्के हलका. ऐकायला भारी, पण एम३ चा स्क्रू मुळात ग्रॅमच्या आतबाहेर, अख्खी गाडी बदलली तरी बचत काही दहा ग्रॅमात मोजायची, साडेतीन किलोच्या गाडीत. त्यात चेसिसच्या तळाचे स्क्रू हलके करून काय मिळवणार, तिथलं वजन खालीच आहे, ते असलेलं बरं. वरचे बदलले तर थोडा फरक पडतो, शॉक टॉवर, विंग माउंट वगैरे, मी तेवढेच बदललेत. ताकदीचं म्हणाल तर काळा १२.९ ग्रेडचा स्क्रू १२०० मेगापास्कलचा, टायटॅनियम ९०० च्या आसपास आणि बाजारातला चकाकणारा स्टेनलेस ए२-७० म्हणजे ७०० चा. स्टेनलेस गंजत नाही म्हणून पावसाळ्यात मोह होतो, पण मोटर माउंटला नको. काळे स्क्रू गंजतात, होय, गाडी पुसून तेलाचा हात फिरवायचा, एवढं तर करायलाच लागतंय.

टायटॅनियमचा स्क्रू ॲल्युमिनियममध्ये कोरडा घालू नका, आटा धरतो. आणि निळं लॉकटाइट (स्क्रू सैल होऊ नये म्हणून आट्याला लावायचा गोंद) टायटॅनियमवर हळू सेट होतं, रात्रभर ठेवा, संध्याकाळी लावून लगेच मैदानात गेलात तर स्क्रू शेतात शोधत बसाल. एम३ बटन हेडला २ एमएमची ॲलन की लागते, ती टोकाला झिजलेली असेल तर आधी ती फेका.

शेवटचं खरेदीबद्दल. सोनेरी शॉक शाफ्टला "टायटॅनियम" म्हणून विकतात, ते बहुतेक स्टीलच असतं, वर टायटॅनियम नायट्राइडचा काही मायक्रॉनचा थर. वाईट नाही, उलट शाफ्टसाठी तेच पाहिजे, धुळीत चांगलं टिकतंय, फक्त टायटॅनियमचा भाव देऊ नका. एका ऑनलाइन दुकानाकडनं मला "टायटॅनियम" स्क्रूचं पाकीट आलं, वजन केल्यावर संशय आला. लोहचुंबकाला धरून बघा, पण स्टेनलेस पण बऱ्याचदा चिकटत नाही म्हणून तेवढ्यावर जाऊ नका, सोनाराकडच्या काट्यावर तोच स्टीलचा स्क्रू शेजारी ठेवून बघा, त्याच्या अर्ध्यापेक्षा थोडासाच जास्त भरला पाहिजे. नाहीतर एक स्क्रू बळी द्या आणि ग्राइंडरला लावा, टायटॅनियमच्या ठिणग्या डोळे दिपवणाऱ्या पांढऱ्या असतात. माझ्या पाकिटातल्या पिवळ्या निघाल्या, पैसे परत मिळायला बरीच भांडाभांडी झाली.