कापडी बाहुल्यांच्या ऑनलाइन क्लासला पैसे भरण्याआधी हे वाचा

भुलाबाईच्या महिन्यात नातीला मातीच्या जोडीऐवजी कापडाचे भुलाबाई-भुलोजी (मुली गाणी म्हणत मांडतात ती पार्वती-शंकराची जोडी) करून द्यावेत, एवढीच माझी हौस. मोबाइलवर जाहिरात आली: घरबसल्या बाहुल्या शिका, किट कुरिअरने, फी 2,499 रुपये, तयार बाहुल्या आम्हीच नगाला 250 रुपयांनी घेऊ. मला विकायच्या नव्हत्याच. पण ‘आम्हीच घेऊ’ म्हटलं की घरात फीला कुणी नाही म्हणत नाही. मेख तिथेच आहे.

किट भुसावळला आलं. मांजरपाट म्हणून दिलेलं कापड खळ लावून कडक केलेलं. पाण्यातून काढलं तर आरपार दिसायला लागलं. भरायचा कापूस म्हणजे जिनिंगचा कचरा, सरकीच्या टरफलांसकट. खान्देशातल्या बाईला कापूस कळत नाही, असं वाटलं असेल बिचाऱ्यांना! पॅटर्न तर लहान करून काढलेली झेरॉक्स, शिलाईला माया, म्हणजे टिपेच्या बाहेर सोडायचं जादा कापड, धरलेलीच नाही. टीप मारून कापड उलटवायला गेले तर मानेतून पेन्सिलही जाईना. उभं-आडवं सूत बघून कापायचं, नाहीतर भरल्यावर हातपाय पिळतात. वळणावर कातरीने बारीक काप द्यायचे. व्हिडिओत यातला एक शब्द नाही.

तरी घरचं कापड, घरचा कापूस वापरून बाहुल्या पाठवल्या. ‘फिनिशिंग नाही’ म्हणून सगळ्या नापास, आणि परतही नाहीत. वर निरोप: ‘क्वालिटी कार्डाचे 1,500 भरा, मग पुढची बॅच घेऊ.’ मी भरले नाहीत. आमच्या गल्लीतल्या दोघींनी भरले. लगेच त्यांना क्लासच्या ग्रुपमधून बाहेर काढलं.

पैसे गेले असतील तर आधी 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन लावा, यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा बँकेचा व्यवहार क्रमांक) हाताशी ठेवा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. ग्राहक म्हणून तक्रारीला 1915 आहे. जिल्हा ग्राहक आयोगातही 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथूनच दावा लावता येतो, विकणाऱ्याच्या गावाला खेटे घालावे लागत नाहीत. रागाच्या भरात चॅट तेवढं पुसू नका, पुरावा तोच.

किट घ्यायचंच असेल तर आधी पॅटर्नचा पट्टी ठेवून काढलेला फोटो मागा, माया किती धरलीय ते विचारा. नंतर चौकशी केलेल्या एका क्लासवालीने तो लगेच पाठवला. या जाहिरातवाल्यांचं उत्तर होतं, ‘ताई, आधी पेमेंट करा.’