टाइलच्या मागं काय घातलं, त्याचा हिशोब

ज्यांना घाई आहे त्यांच्यासाठी निकाल आधीच सांगते. बाथरूमच्या टाइल बदलताना दुकानदार जे जे गळ्यात मारतो, त्यातल्या महागाच्या दोनच वस्तूंना मी पुन्हा पैसे देईन: दोन भागांत येणारं सिमेंटी वॉटरप्रूफ कोटिंग, आणि फरशीला व शॉवरच्या भिंतींना टाइल चिकटवायचं तयार ॲडेसिव्ह. तिसरा खर्च दुकानातला नाही, गिलावा नीट ओळंब्यात आणण्यासाठी मिस्त्रीला दिलेली वाढीव रोजंदारी. टाइल मात्र स्वस्तातली घेतली तरी बिघडत नाही. आमची गुजरातेतल्या मोरबीची साधी सिरॅमिक आहे, फुटाला पस्तीस रुपयांच्या आतली.

आमचं घर लातुरात, औसा रोडच्या आतल्या बाजूला. वरच्या मजल्यावर नीट परीक्षेची तयारी करणाऱ्या पोरी राहतात आणि त्यांची बाथरूम बरोबर आमच्या स्वयंपाकघराच्या डोक्यावर येते. सहा जणींच्या आंघोळी, धुणी, वर बोअरचं क्षाराचं पाणी. छताला पोपडे, भिंतीला लोणा. दरवर्षी रंग द्यायचा आणि दरवर्षी तो गळायचा. काम करायला वेळ एकच, मे महिन्यात परीक्षा होऊन पोरी गावाकडं गेल्या की नवीन बॅच येईपर्यंत. म्हणजे ऐन उन्हाचं काम. हे उन्हाचं लक्षात ठेवा, पुढं ते नडतं.

पहिला वाद जुन्या टाइलवरून. खाली शहाबादी फरशी होती, भिंतीला चार फुटांपर्यंत पांढरी आठ-बाराची टाइल. मिस्त्री म्हणले, "मावशी, फोडता कशाला? हिच्यावरच नवी चिकटवू, केमिकल येतंय आता." येतं, खोटं नाही. जुनी टाइल घट्ट असेल तर त्यासाठी वेगळं, जास्त ताकदीचं ॲडेसिव्ह मिळतं. पण मी लाटण्याच्या टोकानं एकेक टाइल वाजवून बघितली, तर निम्म्याहून जास्त पोकळ वाजायल्या. जी स्वतःच भिंतीला धरून नाही तिच्यावर नवीन ओझं टाकून काय उपयोग? शिवाय फरशी वर आली की उंबरठा बुडतो आणि दार घासतं. फोडायचंच ठरलं.

फोडण्यात पैसे वाचवता येतात, हे कुणी सांगत नाही. शहाबादी फरशी पहारीनं सावकाश उचलली तर बरीच अख्खी निघते. आमची मागच्या अंगणात धुण्याच्या जागी बसली. डबर आमच्या ह्यांनी आणि पुतण्यानं गोण्यांत भरून खाली उतरवलं, त्यामुळं दोन बिगाऱ्यांची रोजी वाचली. सगळा गिलावाही पाडायची गरज नसते. वाजवून जो पोकळ तेवढा काढायचा, बाकीच्याला छन्नीनं दाटीनं टाचे मारायचे. वरच्या भागावर ऑइलपेंट होता, तो मात्र पूर्ण खरवडून काढावा लागतो. रंगावर, चुन्यावर, पुट्टीवर टाइल कधी धरत नाही, कारण ती त्या पापुद्र्याला चिकटते, भिंतीला नाही.

आता दुकान. नाव देत नाही, पण बोलण्यासारखं बरंच आहे. चांगलं हे, की सिमेंटच्या गोणीवरचा आठवडा आणि साल त्या पोरानं स्वतःहून दाखवलं. तीन महिन्यांवरचं सिमेंट जोर हरवत जातं, आणि पावसाळ्याच्या तोंडावर जुना साठा खपवणारे कमी नाहीत. न फोडलेल्या ॲडेसिव्हच्या बॅगाही नंतर परत घेतल्या. वाईट हे, की प्रत्येक प्रश्नाला एक डबा. प्रायमर वेगळा, बाँडिंग एजंट वेगळा, वरून फवारायचं आणखी काहीतरी, भिंतीच्या ग्राउटलाही, म्हणजे टाइलच्या सांध्यात भरतात त्यालाही, महागातलं इपॉक्सी. पाच बाय सातच्या बाथरूमला हे सगळं घेतलं असतं तर टाइलच्या दुप्पट बिल झालं असतं. मी डब्याच्या मागचा कागद वाचायला लागले की तो म्हणायचा, "काकू, तुम्ही वाचू नका, मिस्त्रीला माहीत असतंय." मिस्त्रीला माहीत नव्हतं.

उदाहरणच देते. गिलाव्यात घालायचं लिक्विड, आम्ही डॉ. फिक्सिटचं एलडब्ल्यू प्लस घेतलं. त्याचं माप सिमेंटच्या पन्नास किलोच्या एका गोणीला दोनशे मिली. म्हणजे लिटरभरात पाच गोण्या. मिस्त्री अंदाजानं झाकणानं ओतायला निघाले होते. मी घरातलं दुधाचं माप दिलं. वस्तू चांगली आहे, स्वस्त आहे, घ्याच. फक्त हे घातलं की वॉटरप्रूफिंग झालं असं समजू नका. त्यानं गिलावा आतून घट्ट होतो, पाणी कमी पितो. चीर पडली तर ती काही ते बुजवत नाही.

वाळूचं दुखणं लातूरकरांना सांगायला नको. नदीची वाळू मिळाली तर सोन्याच्या भावानं, म्हणून क्रश सँड, म्हणजे दगड फोडून केलेली वाळू. त्यातही गिलाव्याची बारीक वेगळी मागा, आणि तरी चाळून घ्या, कारण धूळ जास्त असली की गिलावा वाळताना केसासारख्या चिरा धरतो. पाणी मात्र माझ्या हट्टानं नळाचं वापरलं. नळाला मांजरा धरणाचं पाणी येईल तेव्हा ड्रम भरून ठेवायचे आणि माल त्यातच कालवायचा. बोअरचं क्षाराचं पाणी मालात गेलं की तोच क्षार नंतर टाइलच्या सांध्यातून पांढरा होऊन बाहेर येतो. आधीच्या कामाला तेच झालं होतं.

गिलावा एकास चार, म्हणजे एक भाग सिमेंटला चार भाग वाळू, अर्ध्या इंचाच्या आसपास. इथं मी मिस्त्रीला ठेका दिला नाही, रोजंदारीवर ठेवलं. आमच्याकडं सध्या मिस्त्रीची रोजी हजाराच्या घरात, बिगाऱ्याची सहाशेच्या. ठेक्यात मिस्त्री घाई करतो, आणि भिंत वाकडी राहिली तर तो म्हणतो, "टाइल लावताना मालात काढू." जुन्या पद्धतीनं सिमेंटच्या मालावर टाइल लावायची असेल तर ते जमतं, पाऊण इंच जाडीत बरंच झाकून जातं. पण ॲडेसिव्हचा थर तीन ते सहा मिलिमीटरचा. वीस किलोच्या बॅगेत तीन मिलिमीटर थरानं पन्नास चौरस फुटांच्या आसपास काम होतं. भिंतीला खड्डे असले की तीच बॅग वीस-पंचवीस फुटांत संपते आणि लोक म्हणतात ॲडेसिव्ह महाग. महाग ॲडेसिव्ह नाही, वाकडा गिलावा महाग. म्हणून ओळंबा लावून, सहा फुटी ॲल्युमिनियमची पट्टी फिरवून, गुण्या लावून कोपरे बघून मगच पुढं जाऊ दिलं. एक भिंत मिस्त्रीनं कुरकुर न करता पुन्हा घासून सरळ केली, त्याचं कौतुक आहे.

आणि ते ऊन. दुपारी गिलावा हात लावला तर गरम लागायचा. असा गिलावा सुकतो, पिकत नाही. खिडकीला गोणपाट लावलं, भिंतींवर ओली पोती सोडली, आणि आठवडाभर सकाळ-दुपार-संध्याकाळ पाणी मारलं. हे काम मिस्त्रीवर सोडायचं नाही, तो दुसऱ्या साइटवर गेलेला असतो.

आता जिथं खरं पाणी मुरतं ती जागा: नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीतलं पाणी जायचं जाळीचं तोंड, आणि स्लॅबमधून जाणारा त्याचा पाइप. आमच्याकडं पाइपाभोवती बोटभर फट होती आणि ती विटांचे तुकडे, थोडा माल असं काहीतरी कोंबून बुजवलेली. छताचा सगळ्यात मोठा डाग बरोबर त्याच्याच खाली. ती फट स्वच्छ केली, ओली केली आणि आकुंचन न पावणाऱ्या ग्राउटनं खालपासून वरपर्यंत भरली. छोटी बॅग मिळते, तीनेकशे रुपयांचं काम, पण मला विचाराल तर सगळ्या खर्चात सगळ्यात कामाचं हेच. भिंतीतले नळाचे पाइप झाकण्याआधी त्यात दाबानं पाणी सोडून रात्रभर ठेवायचं, हेही इथंच. ट्रॅपची उंची टाइलची जाडी धरून बसवायला सांगा, नाहीतर पाणी जाळीभोवती तळं करून थांबतं.

उतार टाइलखालच्या कोब्यातच काढून घेतला, ट्रॅपकडं मीटरला सेंटिमीटरभर. टाइलच्या खाली माल कमीजास्त करून उतार काढतो म्हणणाऱ्या मिस्त्रीला थांबवा. भिंत आणि फरशी मिळते त्या कोपऱ्यात मालाचा गोलसर वाटा मारून घेतला, म्हणजे काटकोन उरत नाही आणि कोटिंग तिथं फाटत नाही.

मग ते कोटिंग. ब्रशबाँड, फास्टफ्लेक्स अशा नावांनी येतं. एक पावडर, एक दुधासारखं लिक्विड, दोन्ही डब्यावरच्या प्रमाणातच मिसळायचं, वरून पाणी नाही. आमचं मोठं पॅक तीन हजारांच्या आत आलं. जागा ओलसर हवी, पण पाणी साचलेलं नको. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा. कोपऱ्यांत आणि ट्रॅपभोवती दोन हातांच्या मध्ये जाळीची पट्टी. फरशी पूर्ण, शॉवरच्या दोन भिंती सहा फुटांपर्यंत आणि बाकीच्या फूटभर, एवढ्यावर आम्ही थांबलो. चारी भिंती छतापर्यंत रंगवायला दुकानदार सांगेल, गरज नाही. मिस्त्रीला वाटलं हा नुसता रंग आहे, म्हणून पातळ करून पसरवायला लागले होते. पातळ केलं की पैसे पाण्यात, अगदी शब्दशः.

कोटिंग पिकल्यावर ट्रॅप बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस उभं करायचं. ह्यावर आमच्या घरात भांडण झालं. दीडशे लिटरहून जास्त पाणी, तेही मे महिन्यात, ज्या गावानं 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणवलं त्या गावात. मी बोअरचं वापरलं आणि नंतर बादल्यांनी काढून झाडांना घातलं. उन्हानं पातळी तशीही उतरते, म्हणून शेजारी एक बादली भरून दोन्हीवर पेन्सिलची खूण केली. दोन्हीकडं सारखंच उतरलं तर ते ऊन, बाथरूमचं जास्त उतरलं तर गळती. खालचं छत कोरडं होतं. ही तपासणी मिस्त्री टाळतात, कारण निघालंच काही तर त्यांना परत यावं लागतं. तुम्ही ठेका दिला असेल तर शेवटचा हप्ता ह्यानंतरच द्या.

टाइल लावण्याबद्दल थोडकंच. फरशीला आणि शॉवरच्या दोन भिंतींना ॲडेसिव्ह, बाकी दोन भिंतींना सिमेंटचा माल. भिंतीची सिरॅमिक टाइल पाणी पिते, त्यामुळं भिजवून सिमेंटवर नीट धरते. व्हिट्रिफाइड घेतली असेल तर मात्र सिमेंटचा नाद सोडा, ती पाणी पीतच नाही, थोड्या वर्षांनी पोकळ वाजायला लागते. ॲडेसिव्ह कालवून पाच-दहा मिनिटं ठेवायचं, परत एकदा फिरवायचं, आणि घट्ट व्हायला लागलं की वरून पाणी ओतायचं नाही. टाइल इथं कोरडीच. दात्यांच्या थापीनं पूर्ण मागं पसरवून लावायचं. चार कोपऱ्यांत चार आणि मध्ये एक गोळा ही सवय मिस्त्रीच्या हातून सुटता सुटत नाही. मी समोर स्टूल टाकून बसले होते. "मावशी, तुमच्यासारखं गिऱ्हाईक असलं की दिवसाला निम्मंच काम होतंय," म्हणले. असू द्या म्हणलं, रोजी पूर्ण देतेय ना.

इपॉक्सी ग्राउट फक्त फरशीला घेतलं. भिंतीला साधं सिमेंटचं, पण दुकानदारानं दिलेल्या पाकिटाचा रंग वाळल्यावर दोन छटांचा निघाला आणि तो मात्र परत घेतला नाही.

गुण द्यायचे तर कोटिंगला पाचपैकी पाच, ॲडेसिव्हला चार, दुकानाला तीन. मिस्त्रीला चार, समोर बसलात तर. दिवाळीनंतर खालची बाथरूम काढणार आहोत. मिस्त्री तेच सांगितलेत, ग्राउट दुसऱ्या दुकानातून.