रिकम्बंट सायकल: पेडल पुढच्या चाकासोबत वळणारे की फ्रेमला पक्के?

रिकम्बंट म्हणजे मागे रेलून, पाय पुढे करून चालवायची सायकल. क्रूझबाइक या ब्रँडसारख्या सायकलीत पेडल, क्रँक (पेडलचे दांडे) आणि चेन पुढच्या फोर्कलाच, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांनाच, जोडलेली असतात आणि पुढच्याच चाकाला जोर देतात, त्यामुळे हँडल वळलं की पेडलही वळतात. उजवा पाय रेटला की चाक डावीकडे वळू पाहतं, कारण पेडल मधल्या रेषेपासून बाजूला असतो. उजव्या हाताने हँडल तेवढंच मागे ओढावं लागतं. नवशिक्या इथेच फसतो: हँडल घट्ट आवळतो, पायाने जोरात रेटतो आणि सायकल नागमोडी जाते. आधी मोकळ्या मैदानात हलक्या गिअरवर, पाय भरभर पण हलके फिरवत शिका. हात सरावले की चढावर त्यांचाही जोर कामी येतो. मात्र ओल्या, तीव्र चढावर पुढचं चाक घसरतं.

मागच्या चाकाला जोर देणाऱ्या सायकलीत पेडल फ्रेमला पक्के असतात, म्हणून पायाचा धक्का थेट हँडलपर्यंत पोहोचत नाही. पण साध्या सायकलीच्या अडीच-तीन चेन जोडाव्या लागतात, आणि आखूड सायकलीत हळू, तीव्र वळणावर टाच पुढच्या चाकाला घासते. तिथे पेडल थांबवूनच वळा.

शहरातल्या थांबत-थांबत चालणाऱ्या रहदारीत शिकाऊ माणसाने ही मागच्या चाकाला जोर देणारीच घ्यावी.