गूगल अर्थ टाइमलॅप्स: सरकणारी नदी दिसते, चढणारी नाही

अकरावीला नालाकृती सरोवर, म्हणजे नदीने टाकून दिलेल्या वळणाचं तळं, शिकवायचं म्हणजे फळ्यावर खडूने वेटोळं काढायचं, मधली मान पुसायची आणि 'इथून नदीने शॉर्टकट मारला' म्हणायचं. वीस वर्षं हेच केलं. यंदा प्रोजेक्टरवर गूगल अर्थचा टाइमलॅप्स लावला, म्हणजे उपग्रहचित्रं एकामागून एक दाखवणारी फीत. फुकट आहे, ब्राउझरमध्ये चालतो, 1984 पासून वर्षाला एक चित्र या हिशेबाने पुढे सरकतो.

पहिली लावली पेरूतली उकायाली, पुकाल्पा शहराजवळची. वेग कमी ठेवा. गाळाच्या मऊ काठांतून ही नदी अक्षरशः वळवळते. बाहेरचा काठ जंगल खात जातो, आतल्या अंगाला वाळूची फिकट कोर वाढते आणि काही वर्षांनी तिच्यावर हिरवं चढतं. मग पुकाल्पाच्या वरच्या अंगाला मासिसेआजवळ 1997 च्या आसपास थांबा. होडीचा फेरा वाचावा म्हणून तिथल्या लोकांनी चर खणला होता. नदीने तोच धरला आणि सुमारे 70 किलोमीटरचा वळसा टाकून दिला! "सर, परत मागे घ्या ना," हे भूगोलाच्या तासाला मी पहिल्यांदाच ऐकलं.

पुढची फर्माईश ठरलेलीच: आपली कृष्णा. लावली. सांगलीजवळची वळणं जिथल्या तिथे. चिकट मातीचे उंच काठ, खोल पात्र. इतक्या वर्षांत ती कूस बदलत नाही, हे समजावेपर्यंत मुलं हिरमुसली होती. तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, 2019 चं पाणी कुठंय?"

ऑगस्ट 2019 च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं, धोक्याची पातळी 45. टाइमलॅप्सच्या चित्रात मात्र कोरडी शेतं. कारण साधं आहे: वर्षभरातले ढग नसलेले तुकडे जोडून ते एक चित्र बनतं, आणि महापूर येतो तो ढगांखालीच. शिवाय ही चित्रं देणाऱ्या लँडसॅट उपग्रहांचा एक ठिपका म्हणजे जमिनीवरचे 30 मीटर, त्यामुळे ओढ्यानाल्यांचं नाव काढू नका. ढगांतून बघायचं तर सेंटिनल-1 उपग्रहाचं रडार हवं. ते मी दिवाळीपासून शिकतोय, अजून पहिल्याच धड्यावर आहे.

टाइमलॅप्सला पाचपैकी साडेतीन देतो. त्या मुलाने दुसऱ्या दिवशी मोबाइलवर घरच्या भिंतीचा फोटो आणला, पंख्याच्या जरा खाली पुराची मातकट रेघ. तो आता माझ्या स्लाइडमध्ये आहे, 2019 च्या कोरड्या चित्राशेजारी.