एम ६ वरचं टीबे सर्व्हिसेस : एकटे गाडी चालवत असाल तर इथे थांबाच

मागच्या महिन्यात इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅमहून स्कॉटलंडमधल्या ग्लासगोला एम ६ या मोटरवेने एकटीच गाडी घेऊन गेले. इकडे मोटरवेवर ढाबा नाही, टपरी नाही, थांबायचं तर सर्व्हिसेसलाच, म्हणजे रस्त्यालगतच्या खाण्यापिण्याच्या आणि पेट्रोलच्या थांब्यावरच, आणि बहुतेक ठिकाणी तेच ते बर्गर-कॉफीवाले. दोन तास आधी अशाच एका ठिकाणी थांबले होते, टेबल चिकट, सँडविच गारढोण, पाच मिनिटांत उठले. मग लँकेस्टर मागे पडलं, डोंगर सुरू झाले, शेजारी लून नदी आणि रेल्वेलाइन, वरून पाऊस, पोटात कावळे ओरडत होते आणि जंक्शन ३८ नंतर टीबेचा बोर्ड दिसला.

आत शिरल्यावर पहिलं हायसं वाटलं. दगडी भिंती, लाकडी छत, आणि मोठ्या खिडकीबाहेर तळं, त्यात बदकं पोहतायत, मागे डोंगरावर मेंढ्या. एकही चेनवाला स्टॉल नाही, स्वयंपाक त्यांचा स्वतःचाच. मी भाज्यांचं सूप आणि ब्रेड घेतला, सूप वाफाळतं, ब्रेड जाडजूड कापलेला, वरचं कवच करकरीत. नंतर स्टिकी टॉफी पुडिंग, म्हणजे खजुराचा मऊ केक आणि त्यावर गरम टॉफी सॉस, हे या कंब्रिया भागातलं नावाजलेलं गोड आहे, इथे येऊन ते न खाता जाऊ नका.

एकट्या माणसाची अडचण एकटा प्रवास करणाऱ्यालाच कळते. जेवण आणायला गेलं तर टेबल जातं, टेबल धरून बसलं तर जेवण कोण आणणार! मी ट्रे, पर्स, ओला कोट सगळं सावरत उभी होते तर तिथे काम करणाऱ्या एका काकूंनी माझ्या हातातला ट्रे घेतला, खिडकीजवळच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि म्हणाल्या निवांत बस, काही घाई नाही. सकाळपासून माझ्याशी कोणी बोललेलं नव्हतं, खरंच भरून आलं.

या जागेची गोष्टही मला फार आवडली. जॉन आणि बार्बरा डनिंग हे डोंगरातले शेतकरी नवरा-बायको, एम ६ बांधला तेव्हा रस्ता त्यांच्या शेतातून गेला, आणि त्यांनी १९७२ मध्ये त्याच रस्त्यावर ३० खुर्च्यांचं कॅफे सुरू केलं. आज एवढा पसारा झालाय तरी धंदा घराण्याकडेच आहे. माझ्या आजोळची जमीन हायवेत गेली, मोबदला आला, घर बांधण्यात संपला, आणि आता तिथे जो फूड मॉल आहे त्यात आमच्या गावाचं कोणी नाही. त्यामुळे इथल्या फार्मशॉपमध्ये आसपासच्या शेतकऱ्यांचं चीज, मटण, कंबरलँड सॉसेजची गोल वेटोळी मांडलेली बघून मी बराच वेळ तिथेच रेंगाळले.

आता खटकलेलं पण सांगते. स्वस्त अजिबात नाही, फार्मशॉपमध्ये तर हात आवरावा लागतो. शाकाहारी खाणं आहे पण मोजकं, आणि तिखट हवं असेल तर लोणच्याची बाटली सोबत ठेवा. दुपारी १ च्या सुमाराला प्रचंड गर्दी, ११ ला पोचाल असं बघा. पेट्रोल मोटरवेवर सगळीकडेच महाग, टाकी आधीच गावात भरून घ्या. पार्किंग २ तास फुकट, मी पावणेदोन तास बसले आणि पुढे कार्लाइल ओलांडून स्कॉटलंडमध्ये शिरेपर्यंत एकदाही जांभई आली नाही.

परत येताना टीबेच्याच दक्षिणेकडे जाणाऱ्या बाजूला थांबले, तिकडे इमारत वेगळी आहे पण फार्मशॉप तिथेही आहे. केंडल मिंट केक घेतला, नावाला केक, खरं तर साखर आणि पेपरमिंटची वडी, १९५३ ला हिलरी आणि तेनझिंग एव्हरेस्टवर घेऊन गेले होते तीच. आई दिवाळीला येतेय, तिच्यासाठी दोन पाकिटं ठेवलीयेत.