40 मिलिमीटरची ‘जुनी’ ओमेगा

जुन्या घड्याळांचा नाद असलेल्यांनी हे वाचावंच. मागच्या दिवाळीत जळगावात एकाकडून मी 1950 च्या दशकातली म्हणून ओमेगा घेतली, 62 हजारांना. केस, म्हणजे बाहेरचा डबा, 40 मिलिमीटर. माझं मनगट जाड, 34 ची घड्याळं हातावर नाजूक दिसतात, हे मी बोलता बोलता सांगून बसलो होतो. त्याने ते बरोबर हेरलं. आठ दिवसांत फोन आला, “दादा, जम्बो आलीय, मोठ्या केसची, लाखात एखादी असते.” केळीचे पैसे नुकतेच हाती आले होते. बिल मागितलं नाही, ते चुकलंच.

दोन महिन्यांत घड्याळ मागे पडायला लागलं, म्हणून धुळ्याच्या एका जुन्या कारागिरांकडे नेलं. त्यांनी झाकण उघडण्याआधीच डोळ्याला भिंग लावून सेकंदाच्या छोट्या वर्तुळावर चिमट्याचं टोक ठेवलं. ते खाली सहाच्या बाजूला हवं; माझ्या घड्याळात ते मधल्या काट्यांना जवळजवळ चिकटलं होतं. त्याची जागा आतली, काटे फिरवणारी मशीन ठरवते, केस नव्हे. मशीन लहान आणि केस मोठी असली की ते कडेपर्यंत पोचतच नाही. झाकण निघालं तर आत फट भरायला पितळेची रुंद कडी आणि मधोमध जेमतेम 23 मिलिमीटरची मशीन. डायल नव्याने रंगवलेली, ओमेगाच्या खुणेचा एक पाय जाड, एक बारीक.

“भाऊ, मशीन जुनी शे, डबा नवा शे,” ते म्हणाले. त्यांनी पैसे घेतले नाहीत.

त्या काळी पुरुषांचं घड्याळच साधारण 31 ते 36 मिलिमीटरचं असायचं. पाटेक फिलिपची 1932 ची कालात्राव्हा जेमतेम 31 ची, 1945 ची रोलेक्स डेटजस्ट 36 ची. माझे वडील जन्मभर शेतात राबले, त्यांच्या मनगटावर एचएमटी जनता होती, तीही 35 च्या आसपासचीच. मोठ्या केसची हौस अलीकडची, आणि हे लोक नेमकी तीच हौस ओळखून जुन्या मशीनला नवा डबा चढवतात. खरी जम्बो ओमेगा असते, 38 च्या आसपास; पण तिच्यात सहसा 30 मिलिमीटरची मशीन असते. ओमेगाच्या 30टी2 या मशीनच्या नावातले 30 म्हणजे तोच व्यास. घेताना झाकण उघडायला लावा, मशीनवर पट्टी ठेवून फोटो मागा. आढेवेढे घेतले तर उठून या.

परवा भुसावळच्या एका मित्राला त्याच माणसाने 41 ची ‘जुनी’ ओमेगा दाखवली. फोटोत सेकंदाचं वर्तुळ पुन्हा काट्यांच्या मुळाशीच होतं. मित्राने इसार दिला नव्हता, एवढं बरं झालं.