मूळ स्पेलिंग की आजचे?
शेक्सपिअरची नाटके मूळ स्पेलिंगमध्ये वाचावीत की आजच्या, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. १६२३ च्या फोलिओत, म्हणजे त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित छापील आवृत्तीत, ‘लव्ह’ या शब्दात व्हीच्या जागी यू छापलेला दिसतो, कारण त्या काळी शब्दारंभी व्ही आणि मध्ये यू वापरण्याचा प्रघात होता. ‘डू’च्या शेवटी मात्र ई कधी येतो, कधी गळतो, आणि त्यामागे काही वेळा ओळीची रुंदी जुळवू पाहणारा जुळारी, म्हणजे छपाईचे खिळे लावणारा कामगार, असतो. आजच्या स्पेलिंगमध्ये छापखान्याच्या या खुणा पुसल्या जातात, पण वाचन अडखळत नाही. मी नवीच आवृत्ती उचलतो. ज्याच्या उपलब्ध सहा सह्यांतही स्वतःच्या नावाचे स्पेलिंग एकसारखे नाही, त्याच्या अक्षराअक्षरात हेतू शोधणे मला अनाठायी वाटते.